पोळपाटावरचं चित्र

माझे डोळे काचबिंदूने नेले. गेले ते गेले, त्यांचं रडगाणं मी गात नाही. पण माझी लेक अक्षता चित्रं कोरायला लागली ती त्यानंतर, याचा मात्र राग येतो. लाकडात चित्र कोरायचं, त्यातच आपली कविता कोरायची, शाई फासून वर कागद ठेवायचा आणि वाटीच्या बुडाने घासायचं, की झाला छापा. परळच्या आमच्या एका खोलीत हे सगळं स्वयंपाकाच्या ओट्यावरच चालतं.

कविता ती वाचून दाखवते. चित्राचं विचारलं तर म्हणते, सांगून कळायचं नाही. माझा मुलगा विकास म्हणतो, गिरणीच्या चिमणीला वेणी घातलीय. शेजारची सुभद्रा म्हणते, मासे जिना चढतायत, आणि सगळीकडे हात आहेत कसलेतरी. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. पोरीचं चित्र न बघताच आपण जाणार, ही धास्ती माझ्या मनात घर करून बसली होती.

रविवारी अक्षता गिरगावच्या प्रदर्शनासाठी कागद आणायला गेली. स्वयंपाक अजून मीच करते. चपात्यांना उभी राहिले तर ओट्यावर हाताला नव्या पोळपाटाची कड लागली. म्हटलं, बाईसाहेबांना घर आठवलं एकदाचं. पीठ भुरभुरलं, गोळा ठेवला. लाटणं अडखळायला लागलं तेव्हा भिकार लाकूड दिलं म्हणून दुकानदाराला दोन शिव्या हासडल्या आणि जोर लावून लाटलं.

चपाती उचलून उलटी केली आणि माझी बोटं जागीच थांबली.

कणकेवर एक हात उठला होता. मनगट, तळवा, बोटं. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक डोळा, पापणीसकट. मधलं बोट वाकडं. तसं बोट अख्ख्या चाळीत एकाच बाईचं आहे. गिरणीच्या संपात मी खानावळ चालवायचे, तेव्हा पाट्याखाली चेंगरलेलं.

खाली अक्षरं होती. लाकडात अक्षता ती उलटी कोरते, म्हणून कणकेवर सुलटी आलेली. बालवाडीतल्या पोरीसारखी एकेक जुळवत मी वाचलं: आई भिंत चाचपते. भिंतीला खिडकी फुटते.

एवढं मोठं काहीतरी या एका खोलीत राहत होतं, आणि मी त्याच्या शेजारी बसून भांडी घासत होते.

अक्षता आली ती दारातच थबकली. कोरलेल्या रेघांत कणीक भरलेली बघून ती तोंड सोडणार, अशी माझी तयारी होती. त्याआधी मीच विचारलं.

"सुभद्रा सांगते ते हात... ते पण माझेच?"

"सगळे तुझेच गं, आई."

ती चपाती मी तव्यावर टाकली नाही. पलंगाखाली ठेवलेली बाकीची लाकडं काढ म्हटलं, आणि परात पुढे ओढून आणखी कणीक मळायला घेतली.