देवी निळी रडली

या, असे जवळ सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर बोईसरच्या आमच्या इमारतीतली गोष्ट सांगतो.

सोजराबाईंच्या स्वयंपाकघरात देवीच्या तसबिरीवरून पाणी ओघळू लागलं आणि थेट जिन्यापर्यंत रांग लागली. चिंचणी, दांडीहून माणसं आली. सोजराबाईंचे गुरू झुंबरबाबा पाटावर बसून ते पाणी वाटीत धरत आणि म्हणत, आई रडते कारण तुमचा विश्वास कमी पडतो. गुडघेदुखी असो की अडलेलं लग्न, औषध एकच, पळीभर तीर्थ. देवी रडायची ती नेमकी जेवणं उरकल्यावर. कुणी विचारलंच तर बाबा सांगत, आईच्याही वेळा असतात.

सोजराबाईंची सून रूपाली काविळीने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी पालघरला दाखल करायला सांगितलं होतं. बाबांनी बजावलं, सुई टोचली तर देवी कोपेल. सोजराबाईंचा सुनेवर फार जीव. त्या स्वतःच्या हाताने तिला तीर्थ पाजत राहिल्या.

वरच्या मजल्यावर विज्ञान शिकवणाऱ्या वैभवीबाई नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्या घराला कुलूप लावून माहेरी गेल्या तेव्हा देवी कोरडी राहिली. परतल्यावर हे कानावर आलं आणि त्या चपापल्या. त्यांचं सिंक बरोब्बर त्या देव्हाऱ्याच्या वर होतं. त्यांनी सिंकमध्ये नीळ कालवून ओतली.

खाली देवी निळी रडली.

आईने जगाचं विष पचवलं, असं बाबा सांगू लागले. रांगेतली दांडीची तानी म्हणाली, "आई नाय रडत, बाबा. वरच्या बाईची भांडी रडतात."

वैभवीबाई खाली आल्या, त्या खालमानेनेच. "सिंकच्या कडेची फट बुजवणारं सिलिकॉन एक दिवस वाळू द्या, असं मिस्त्री म्हणाला होता. गृहप्रवेशाचा मुहूर्त टळू नये म्हणून त्या दिवसापुरत्या आलेल्या माझ्या सासूबाईंनी लगेच त्यात कलशाचं पाणी सोडलं. कड सुटली. पाणी ओट्यामागून पाइपाच्या भोकात उतरतं आणि तुमच्या तसबिरीवर येतं."

रूपालीचा नवरा विक्रम धावत जाऊन रिक्षा घेऊन आला. मी सोबत होतो. वाटेत रूपाली हळूच म्हणाली, "काका, मला पहिल्याच दिवशी साबणाचा वास आला होता. पण आईंचं मन मोडवेना."

पालघरला डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. रूपाली घरी परतली नाही.

देव मीही मानतो, रोज टाळ धरतो. पण हातावर तीर्थ पडलं तर ते आलं कुठून, हे विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. आणि दुखणाऱ्या माणसाला आधी दवाखान्यात न्या.

आता बुवा उभे राहतील. हात जोडाल तेव्हा आमच्या रूपालीची आठवण असू द्या.