ब्रेकला बांधलेली चिठ्ठी

मी चांगला मिस्त्री आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तसं कुणी म्हणणार नाही.

शारजात रोल्ला चौकाच्या मागच्या गल्लीत, चंद्रहासशेठच्या किराणा दुकानाला लागून माझं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर आणि दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. लायसन्स शेठचं, माझा व्हिसाही त्यांच्याच लायसन्सवर. त्यांनी मनात आणलं असतं तर आठ दिवसांत मी देवगडला परत गेलो असतो. पण शेठ भला माणूस. दर शुक्रवारी सवितावहिनींच्या हातचा डबा मला न चुकता यायचा.

शर्वाणी ही त्यांची एकुलती एक लेक. ती सात वर्षांची असताना तिची पहिली सायकल मीच जोडली. मी मराठीत बोलायचो, ती अर्ध्या इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं कधी अडलं नाही. पुढे पोरीला डोंगरात सायकल चालवायचं वेड लागलं. दुबईहून जाड टायरची अमेरिकन सायकल आली. "बाराशे दिरहॅम, म्हणजे चौदा हजार रुपये! एवढ्यात गावाला दुभती म्हैस येते," असं वहिनी महिनाभर म्हणत होत्या. शुक्रवारी पहाटे शेठ पिकअप काढायचे आणि आम्ही रास अल खैमाच्या डोंगरात जायचो. मी पंप आणि ट्यूब घेऊन मागे बसलेला. उतारावरून ती सुटली की शेठ डोळे मिटून घ्यायचे. मी नाही मिटले कधी. तिचा हात मला माहीत होता.

नव्याण्णव साली ती शिकायला इंग्लंडला निघाली. तिथल्या कॉलेजात सायकलवाल्यांचा क्लब होता, त्यांनी तिला आधीच एक नकाशा पाठवला होता. तो तिनं माझ्या टेबलावर, ग्रीसच्या डब्यापाशी पसरला. वेल्सच्या हद्दीजवळच्या टेकड्या होत्या. बारीक तपकिरी रेघांवर रेघा, आणि त्यांतून जाणारी हिरवी तुटक वाट.

"काका, व्हेन द लाइन्स आर क्लोज, इट्स स्टीप," ती म्हणाली.

मला लगेच कळलं. आमच्याकडे डोंगरउतारावर भाताचे कुणगे असतात, पायऱ्यांसारखी खाचरं. उतार जितका उभा, तितके कुणगे अरुंद, बांधाला बांध लागलेले. त्या वाटेवर आधी लांबलचक चढ होता. मेंढरांसाठी घातलेली फाटकं होती. प्रत्येक फाटक उघडून जायचं आणि आपल्यामागे लावून घ्यायचं, असा तिथला रिवाज, हे तिनं मला समजावून सांगितलं. माथ्यावरून मात्र वाट एकदम खाली, एका चर्चपर्यंत. तिथे रेघा इतक्या दाटल्या होत्या की मधला कागद दिसत नव्हता. पोरीचे डोळे त्याच जागेवर.

सायकल कार्टनमध्ये बांधून द्यायचं काम माझं. आता इथे माझी अक्कल पाजळली. माझ्याकडे एक इंग्रज साहेब यायचे. नवी सायकल घेतली की आधी ब्रेक बदलून घ्यायचे, कारण त्यांच्या देशात उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक असतो. आमच्या देशी सायकलींनाही तसंच. अमेरिकन सायकलीला मात्र उलटं, उजव्या हाताला मागचा. शर्वाणी लहानपणापासून तसल्याच सायकलींवर शिकलेली. मला वाटलं, पोरगी इंग्लंडला चाललीय, तिला तिथल्या पद्धतीची सायकल देऊ. नव्या केबल घातल्या, ब्रेक बदलले, एक दिरहॅम घेतला नाही. माझ्याकडून तेवढीच भेट. आणि एक चिठ्ठी लिहून उजव्या ब्रेकच्या दांडीला दोऱ्यानं बांधली.

कार्टन कार्गोनं गेलं, आणि क्लबच्या पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी तिला मिळालं. तिनं हँडल सरळ केलं, पेडल लावली आणि दुसऱ्या दिवशी गाडीतून सगळ्यांबरोबर टेकडीच्या पायथ्याशी गेली. दोन तास नुसता चढ. चढाला ब्रेक कोण दाबतो? फाटक आलं की पाय टेकायचा. माथ्यावरून उतरताना मात्र तिनं मागचा ब्रेक म्हणून उजवा हात दाबला, आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. ती सायकलवरून पुढे फेकली गेली आणि दगडी कुंपणावर आपटली.

खुबा मोडला. दोन ऑपरेशनं झाली. पाचव्या महिन्यात ती काठी टेकत शारजाला परत आली. शिक्षण सुटलं.

घरात तिला कुणी मारलं नाही, पण बोलून बोलून सोललं. "नको तिथे शौर्य," शेठ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करून घेतलं हिनं." आणि शर्वाणी ऐकून घ्यायची. दुकानात बसून बिलं फाडायची आणि "इट वॉज माय फॉल्ट" एवढंच बोलायची. रास अल खैमाच्या डोंगरावरून हसत उतरणारी माझी पोर ती. तिला तसं मान खाली घालून बसलेलं बघवत नव्हतं.

मग एक दिवस सायकलही परत आली. शेठ म्हणाले, "भिकाजी, दुरुस्त कर आणि विकून टाक. घरात नको ती."

कार्टन उघडलं, उजवी दांडी दाबली, आणि पुढच्याच चाकाचा ब्रेक लागला. तोवर मी स्वतःला समजावत होतो की चिठ्ठी लिहिली होती, तिनं वाचली असेल, तिला सवय झाली असेल, दुसरंच काहीतरी झालं असेल. पण दांडीला तुटलेला दोरा तसाच होता, आणि ती सायकल एकच दिवस चालली होती. केबल पुन्हा उलट्या करायला मला वीस मिनिटं पुरली असती. कुणाला कळलं नसतं. मी पाना हातात घेतला होता, हे कबूल करतो. दोन पोरींची लग्नं व्हायची होती माझ्या, आणि व्हिसा शेठच्या हातात.

दुपारची वेळ, सगळा बाजार बंद. अर्ध्या शटरखालून आधी काठी दिसली, मग शर्वाणी वाकून आत आली. सायकलीकडे बघितलंच नाही तिनं. पर्समधून घडी पडून मऊ झालेला एक कागद काढला.

"काका, तुमची ब्लेसिंग. हॉस्पिटलमध्ये पिलोखाली ठेवायचे मी. मला मराठी वाचता येत नाही ना. वाचा ना, काय लिहिलंय?"

माझी चिठ्ठी. जिला सगळं मराठी कळतं तिला ते वाचता येत नसेल, असं माझ्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं.

'देव तुझं भलं करो' एवढं म्हणालो असतो, तरी ती समाधानानं निघून गेली असती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. पाना खाली ठेवला आणि वाचलं, "बाय माझी, ब्रेक बदललेत. आता उजवा हात पुढच्या चाकाचा. आधी सपाटीवर चार दिवस सवय कर, मगच डोंगर चढ. तुझा भिकाजीकाका."

तिनं स्वतःचा उजवा हात उघडून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे... माय हँड वॉज राइट? मी बरोबर दाबलं होतं?"

"बरोबर दाबलं होतंस. चूक माझी."

मला वाटलं होतं, रागावेल. ती रडली, लहानपणी पडल्यावर रडायची तशीच, आवाज करून. मग डोळे पुसून म्हणाली, "पप्पांना वाचून दाखवा."

शेठ दुकानात एकटेच होते. मी उभ्यानं पुन्हा तीच चिठ्ठी वाचली. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, स्वतः वाचली, परत वाचली. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार.

"तिला मराठी अक्षर मी शिकवलं नाही," ते म्हणाले. "काय करायचंय, म्हटलं." मग तिच्याकडे वळले आणि चिठ्ठी घडी करून तिच्या हातात दिली.

माझा व्हिसा त्यांनी पुढच्या महिन्यात रद्द केला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरीची काठी रोज डोळ्यांसमोर, आणि मीही रोज डोळ्यांसमोर. कुठला बाप सोसेल?

निघण्याच्या आदल्या दिवशी शर्वाणी दुकानात आली. सायकल विकायची नाही, असं तिनं घरात ठणकावून सांगितलं होतं.

"काका, आधी ब्रेक पहिल्यासारखे करा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

मी केले. ती स्टुलावर बसून प्रत्येक केबल कुठून कुठे जाते ते बघत होती. शेवटी मी मागचं चाक उचलून जोरात फिरवलं, आणि तिनं काठी भिंतीला टेकवून उजवा हात दाबला. मागचं चाक थांबलं. पुन्हा फिरवा, म्हणाली.