वस्तादचं नाक

"दारात काय उभा राहिलास पाहुण्यासारखा? आत ये की. खायला आलोय आपण, पाहणी करायला नाही."

गाडीवान काचेचं दार खांद्याने धरून उभा होता. वस्तादने पायपुसण्यावर दोनदा पाय घासले आणि तो आत आला. सहा टेबलं, प्रत्येकाभोवती वेगळ्याच घाटाच्या खुर्च्या, भिंतीवरच्या काळ्या फळीवर खडूने लिहिलेली सँडविचची यादी. पूर्वी या जागेत छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा. आता आतल्या बाजूला छोटी विजेची भट्टी होती आणि गल्ल्यापाशी गिऱ्हाइकांची रांग.

"काय घमघमाट सुटलाय रे!" गाडीवानाने छाती भरून श्वास घेतला. "गल्लीच्या तोंडाशीच कळतं."

"हं," वस्ताद म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

दोघे एकाच बेकरीत म्हातारे झाले होते. वस्ताद अडतीस वर्षं भट्टीवर, गाडीवान एकोणतीस वर्षं पावाच्या गाडीवर. खरी नावं फक्त पगारपत्रकात होती. तीही कारकुनाला दरवेळी शोधावी लागत. सहा वर्षांपूर्वी बेकरी बंद पडली आणि त्या जागी फर्निचरचं मोठं दुकान आलं. मागे एकदा दोघे मुद्दाम तिथे गेले होते. भट्टी होती नेमक्या त्या जागी एक तपकिरी सोफा मांडला होता. दोघे त्यावर अर्धा तास नुसते बसून राहिले. विक्रेता तीनदा येऊन विचारून गेला, "आवडला का?" शेवटी गाडीवान म्हणाला, "सोफा बरा आहे हो, पण इथे पूर्वी फार ऊब असायची."

या दुकानाचं टुमणं गाडीवानाने महिनाभर लावलं होतं. मालकीण तिशीची, आठ वर्षं कुठल्याशा कचेरीत नोकरी केलेली. घरी पाव भाजता भाजता नाद लागला, नोकरी सोडली आणि हे दुकान टाकलं. वस्ताद रोज काहीतरी सबब सांगायचा. आज गुडघा, उद्या नळवाला. आज मात्र गाडीवान घरीच येऊन थडकला आणि वस्तादच्या बायकोनेच चप्पल पुढे सरकवली. "जा हो, जरा हवापालट होईल."

मालकीण स्वतःच टेबलापाशी आली. एप्रनला हात पुसत म्हणाली, "हेच ना ते? काका रोज सांगतात तुमच्याबद्दल."

"हेच!" गाडीवान फुलून आला. "अगं, याचं नाक म्हणजे आमच्या बेकरीचं घड्याळ होतं. पाठ फिरवून उभा असला तरी सांगायचा, दोन मिनिटांत काढा, नाहीतर करपेल. आणि रॉकेलची गोष्ट सांगू का तुला?"

"राहू दे रे," वस्ताद म्हणाला.

"का राहू दे? ऐक गं. मैद्याची साठ पोती उतरत होती. हा पार आत, भट्टीपाशी. तिथनं ओरडला, थांबवा, मालाला रॉकेल लागलंय! मालक म्हणाला, डोकं फिरलंय याचं. आम्ही एकेकाने पोत्यात नाक खुपसलं. काही नाही! पण हा पठ्ठ्या अडून बसला. म्हणाला, दुसरा माणूस बघा, मी या पिठाला हात लावणार नाही. शेवटी ट्रकवाल्याने कबूल केलं. आदल्या फेरीला त्याने रॉकेलची पिंपं वाहिली होती."

मालकीण वस्तादकडे बघतच राहिली. वस्ताद कागदी रुमालाची घडी घालत होता.

गोष्ट खरी होती, तिखटमीठ न लावलेली. पण ते नाक आता नव्हतं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. वासाच्या मागोमाग चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. सुरुवातीला तो रोज सकाळी साबणाची वडी नाकाशी धरून बघायचा. मग ते सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही. पाय मोडला तर माणूस लंगडतो, लोक विचारतात. नाक गेलेलं कुणाला दिसणार? ताटावर बसलं की तो "छान झालंय" म्हणायचा. संसारात जेवढ्या वेळा म्हणाला नव्हता, तेवढ्या वेळा दोन वर्षांत म्हणाला. वयोमानाने स्वभाव निवळला, असं बायको शेजारणीला कौतुकाने सांगायची. तिचं कौतुक ऐकून तो आणखीच गप्प झाला होता.

सँडविचं आली. उकडलेलं अंडं, काकडी, चीज, मोहरीचा सॉस. बाजूला नुसत्या पावाची एक जाड फोड.

"ही खास तुमच्यासाठी," मालकीण म्हणाली आणि उभीच राहिली.

वस्तादने फोड उचलली. हातात पाव आल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. बोटाने मऊ भाग दाबला आणि तो किती वेळात वर येतो ते पाहिलं. कड कानाशी नेऊन मोडली. फोड उजेडाकडे धरून भोकं न्याहाळली.

"दुसऱ्यांदा फुगवताना घाई करतेस," तो म्हणाला. "अजून वीस मिनिटं दे. आणि तुझी भट्टी मागच्या डाव्या कोपऱ्यात जास्त तापते. मधेच ट्रे फिरवत जा."

"मागचा डावाच कोपरा!" ती जवळजवळ ओरडली. "महिनाभर मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय."

गाडीवानाने टेबलावर थाप मारली. "काय सांगितलं होतं मी?"

"आता शेवटचं," ती म्हणाली. "आज पिठात एक गोष्ट नवीन घातलीय. ओळखा बघू."

वस्तादने घास घेतला. सावकाश चावला. तोंडात काहीतरी मऊ, कोमट फिरत होतं, एवढंच. कडेचा रंग गडद होता, त्यावरून त्याने अंदाज बांधला.

"मध."

मालकिणीचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. गाडीवानाचा घास गालातच थांबला. मग गाडीवान मोठ्याने हसला, गरजेपेक्षा थोडा जास्तच.

"अगं, फिरकी घेतोय तो तुझी! बडीशेपेची पूड घातलीस, तान्ह्या पोरालाही कळेल. याला कळणार नाही होय?"

"मी घाबरलेच की," ती हसली, आणि गल्ल्यावर कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेली.

गाडीवानाने पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कधीपासून?"

"त्या तापापासून."

"दोन वर्षं? आणि मी मेला रोज तुझ्या नाकाचे पोवाडे गातोय!"

"तू गात होतास, बरं वाटत होतं."

"वहिनींना?"

वस्तादने नकारार्थी मान हलवली.

गाडीवानाने स्वतःचं सँडविच उचललं, एक घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "घे. माझ्याबरोबर खा. मी सांगतो."

"खुळा आहेस का?"

"खा म्हणतो ना! ही काकडी. गार आहे, ओल्या गवतासारखी. आता मोहरी आली... आली... डोक्यात गेली बघ!" त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते मोहरीचंच होतं की काय, कोण सांगणार. "चीज जरा खारट. अंडं नेहमीचंच, अंड्यासारखं."

वस्ताद चावता चावता हसायला लागला. काकडी दातांखाली मोडली तेव्हा गार हे त्यालाही कळलं. ओल्या गवताचा वास कसा असतो, ते त्याने आठवून पाहिलं. थोडंसं आठवलं.

"आणि पाव?" त्याने विचारलं.

गाडीवान थांबला. त्याने पावाचा तुकडा नुसताच तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला.

"सांग ना. आपल्यासारखा आहे?"

"नाही."

"मग?"

"खरं सांगू?"

"माझ्याशी खोटं बोलून तुला काय मिळणार?"

"आपल्यापेक्षा चांगला आहे, वस्ताद."

बाहेरून सायकलची घंटी वाजत गेली. वस्तादने ताटलीकडे पाहिलं. अडतीस वर्षं, रोज चार हजार पाव. त्यातला एक तरी असा झाला असेल का, हे आता त्याला कळायची सोय नव्हती. रागवावं असं क्षणभर वाटलं, पण राग काही आला नाही. त्याने उरलेली फोड उचलली आणि कडेसकट, सावकाश, शेवटपर्यंत खाल्ली.

"मग तिला सांगितलंस का?" त्याने विचारलं.

"मी सांगून काय होणार? मी गाडी चालवणारा माणूस."

वस्ताद खुर्चीला हात टेकून उठला.

"कुठे निघालास?"

"तिला सांगायला. आणि ती फिरकी नव्हती, हेही सांगतो."

"अरे, कशाला आता? झाकली मूठ..."

"उद्या ती मला विचारून पीठ मळेल," वस्ताद म्हणाला. "पाव भाजणाऱ्या माणसाला फसवू नये."

गल्ल्यापाशी चौघे जण उभे होते. मालकिणीने त्याला पाहिलं आणि "काका, पुढे या ना," म्हणून बोलावलं. त्याने हातानेच नको म्हटलं. सदऱ्यावरचे कण झटकले, वरचं बटण लावलं आणि तो रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.