निल्दाचं संग्रहालय

आमच्या वास्तुकला महाविद्यालयाची पहिली स्त्री प्रमुख म्हणजे निल्दा ओकाम्पोस. मी तिथे बांधकामशास्त्र शिकवायचो, त्यामुळे तिचं सगळं जवळून पाहिलं.

तिचं नाव झालं ते लोमा पुकूमुळे. असुन्सिओन शहराच्या नदीकाठी वीटभट्टीच्या कामगारांनी स्वतःच्या हातांनी उभारलेली वस्ती ती. लाकूड परवडायचं नाही म्हणून छपरंसुद्धा विटांच्या कमानींची. निल्दा तिथे वर्षानुवर्षं गेली. तिथल्या सीक्स्तामावशीच्या ओसरीवर बसून तेरेरे, म्हणजे आपल्या माणसांनी एकाच भांड्यातून प्यायचा पाल्याचा गार चहा, प्यायली, घरांची मापं घेतली, फोटो काढले. त्यांचं प्रदर्शन तिने मांडलं आणि ते परदेशात गाजलं. आमंत्रणं आली, पुरस्कार आले, आणि शेवटी महाविद्यालयाची खुर्चीही.

मग तिने एकच ध्यास घेतला, वास्तुकलेचं संग्रहालय. सरकार जागा द्यायला तयार झालं, पण ती जागा लोमा पुकूचीच निघाली. काही घरं जपायची, बाकीची पाडायची.

तिचा लाडका विद्यार्थी देर्लिस तेव्हा तिचा उपप्रमुख होता. तो म्हणाला, "बाई, तुम्ही नाही म्हणालात तर तिथे मॉल होईल. मग एक वीटही राहायची नाही."

निल्दाने मला विचारलं, "थोडी तरी वाचतील ना रे?"

"घरं वाचतील. माणसांचं काय?"

तिने होकार दिला, आणि वस्तीला सांगायला स्वतः गेली. लोकांनी तिचं निमूट ऐकून घेतलं. सामान ट्रकमध्ये भरलं आणि शहराबाहेर सरकारने दिलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेले. सीक्स्तामावशीच्या घरात तिकीटखिडकी आली.

उद्घाटन जवळ आलं तसे विद्यार्थी बिथरले. भिंतीभिंतींवर निल्दाच्या नावाने शिव्या लिहिल्या गेल्या. देर्लिसने विद्यापीठाच्या मंडळापुढे सांगितलं की वस्ती उठवण्याचा निर्णय बाईंचा एकटीचा होता, आपण त्यांना परोपरीने समजावलं होतं. मंडळाने तिला राजीनामा द्यायला लावला. महाविद्यालय आणि संग्रहालय, दोन्ही देर्लिसकडे गेलं. निरोपाच्या कार्यक्रमात त्याने तिच्या पायांपाशी बसून फोटो काढून घेतला.

उद्घाटनाच्या दिवशी तिने मला गाडी काढायला लावली, ती पत्र्याच्या वस्तीकडे. जानेवारीतलं, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातलं ऊन होतं, आत बसवत नव्हतं. सीक्स्तामावशीने बाहेर भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकली, पाणी दिलं. तेरेरेचं नाव काढलं नाही.

"माझं चुकलं, मावशी," निल्दा म्हणाली.

मावशीने हातातल्या फडक्याने वारा घेतला. आवाज चढवला नाही.

"पोलीस आले असते ना, तर आम्ही दारात बसून राहिलो असतो. तू आलीस म्हणून उठलो, पोरी."

मावशी कपडे वाळत घालायला निघून गेली आणि आम्ही जायला निघालो तरी परत आली नाही.

निल्दा आता एन्कार्नासिओनला बहिणीकडे असते. प्रदर्शनं मांडणं तिने सोडलं. देर्लिस दरवर्षी भाषणाला बोलावतो. त्याचा फोन बहीण उचलते आणि निल्दा झोपली आहे असं सांगते. संग्रहालय छान चाललंय. शनिवारी शाळांच्या सहली येतात.