नाव अडवून बसलेलं कासव

सगळी गल्ली दुपारच्या झोपेत बुडालेली असताना स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारावर आवाज झाला. टक्. जरा थांबून पुन्हा, टक्. पाळण्यात बाळ चुळबुळलं. मी त्याला कडेवर घेतलं आणि अनवाणीच दाराकडे गेले, कारण दार ठोठावणारा पान्ताझिस होता आणि एकदा सुरू झाला की तो थांबत नाही.

पान्ताझिस म्हणजे आमचं कासव. पान्ताझिस हेच माझ्या सासऱ्यांचंही नाव. डोंगरात रानभाजी खुडायला गेले असताना त्यांनी ते कासव टोपलीत घालून आणलं, तेव्हा ते बिननावाचंच होतं. पुढे सासरे वारले. त्यानंतरच्या वसंतात हिवाळाभर झोपलेलं कासव अंजिराखालची माती उकरून बाहेर आलं आणि कोबीचं पान चघळत बसलं. सासूबाई बघत राहिल्या, म्हणाल्या, अगदी माझ्या नवऱ्यासारखं चघळतंय. मग गमतीगमतीत त्यांनी नवऱ्याच्या नावानं हाक मारली. कासवानं ओ दिली नाही, हेही सासऱ्यांसारखंच. गंमत तिथेच संपायची, पण संपली नाही. हळूहळू ‘ते’ कासव ‘तो’ झालं आणि त्याच्या कोबीत मीठ का नाही, असं मला विचारलं जाऊ लागलं.

तर, मी दार उघडलं आणि कलिंगडाची साल पुढे सरकवली. पान्ताझिसनं सालीकडे पाहिलंही नाही. मान लांब करून, तोंड उघडून तो थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला. मी टुणकन खुर्चीवर चढले. तो खुर्चीला वळसा घालून मागून आला. काल असंच झालं होतं, परवाही.

वरच्या मजल्यावरून सासूबाई खाली आल्या, तेव्हा मी खुर्चीवर उभी होते आणि त्यांचा नवरा खुर्चीच्या पायाला धडका देत होता.

“त्याला कळलंय,” त्या शांतपणे म्हणाल्या.

कळण्यासारखं होतंच. येत्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. तोवर बाळ म्हणजे नुसतं बाळ, पण पहिल्या नातवाला आजोबांचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव मिळतं. आमच्याकडे हे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. माझ्या मुलीला नाही का सासूबाईंचंच नाव मिळालं? त्या पोलिक्सेनी, हीही तीच, लाडानं क्सेन्यो. मी मात्र मागच्या आठवड्यात चाचरत म्हणाले होते की या बाळाला माझ्या वडिलांचं नाव द्यावं, क्लेआन्थिस. वडिलांना आम्ही दोघी मुलीच. बहिणीला मूलबाळ नाही. आता हे नाव गेलं की गेलंच, बाजारात कुणी ‘क्लेआन्थिस’ म्हणून हाक मारली तर वळून बघणारं आमच्यातलं कुणी उरणार नाही. बाळाचे कानसुद्धा त्यांच्यासारखेच बाहेर आलेले आहेत.

नवरा, थ्रासोस, बोटीवर कामाला. तो म्हणाला, तुम्ही दोघी काय ते ठरवा, मी रविवारी येतोच. आणि त्याची बोट सुटली.

सासूबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अंगणात कासवापाशी बसून मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या, “चाव रे, चाव. हयातीत सुनेला एका शब्दानं बोलला नाहीस.”

मी थ्रासोसचे रबरी बूट घालून कपडे वाळत घालू लागले होते. आता तर खुर्चीवरून, बाळाला कडेवर घेऊन, मी त्याची समजूत काढायला लागले. मामंजी, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही हो, माझ्या वडिलांनाही कुणीतरी हवंच ना. मामंजींनी तोंड वासलं. खरं सांगते, त्या क्षणी मी हरले होते. असू दे पान्ताझिस, असं ओठांवर आलंच होतं.

तेवढ्यात क्सेन्यो डोळे चोळत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कासवाकडे.

“त्याला तुझी नखं टोमॅटो वाटतात,” ती म्हणाली.

माझ्या पायांची नखं लालभडक होती. बाप्तिस्म्याला आई छान दिसावी म्हणून मागच्या आठवड्यात तिनंच ती रंगवली होती, निम्मा रंग कातडीवर गेला होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. पान्ताझिसला टोमॅटो आणि माणूस यांतला फरक कळत नाही की काय, असं त्या म्हणाल्या. मग तिथेच पायरीवर बसल्या, काळे मोजे काढले आणि पाय नातीपुढे केले. लाव, म्हणाल्या, मला कसा चावतो तेच बघते.

सासरे गेल्यापासून त्यांच्या अंगावर काळ्याशिवाय दुसरा रंग मी पाहिला नव्हता. क्सेन्यो जीभ बाहेर काढून रंगवत होती, आणि सासूबाई आपल्या पायांकडे असं बघत होत्या, जणू ते कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिले होते.

पान्ताझिस आला. सावकाश आला. वाटेत सालीशी थांबेल असं वाटलं, थांबला नाही. त्यानं मान लांब केली आणि सासूबाईंच्या अंगठ्याला कचकन चिमटा काढला.

त्या ओरडल्या नाहीत. पाय ओढून घेतला आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर नसलेल्या बाईनं जे करावं ते केलं, एप्रनच्या टोकानं डोळे पुसले.

“जन्मभर माझ्या पायांकडे बघितलं नाहीस,” त्या त्याला म्हणाल्या. “आता सुचलं होय रे?”

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “मेल्पो, बाळाला तुझ्या बापाचं नाव दे.”

“आई, पण...”

“पण काय? हा आहे ना इथे. जेवायला हाक मारल्यावर दोघं आले तर मी वाढू कुणाला?”

त्या मोजे तिथेच टाकून, लाल नखांच्या अनवाणी पायांनीच टोमॅटो चिरायला आत गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मी बाळाच्या मानेत तोंड खुपसून तिथेच बसले आणि आपण कुणाचं काय घेतलं, हे मला कळेना.

क्सेन्यो कासवाच्या पाठीवर उरलेल्या रंगाचा एक ठिपका देत होती.

“आजी गेली की याला पान्ताझिस कोण म्हणणार?”

“मी म्हणेन.”

“आणि तू गेलीस की?”

“तू म्हणशील.”

तिनं विचार केला. कासव साल चघळू लागलं होतं, त्याला कसलीच घाई नव्हती.

“आणि मी गेले की?”