पियानोजवळच्या खुर्च्या

म्हाताऱ्या संगीतकाराने काठी आपटून शूटिंग थांबवलं. सकाळपासून ही चौथी वेळ.

“शाई निळी आहे. तो जांभळ्या शाईने लिहायचा.”

दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला आणि शाई बदलायला सांगितली. करते काय बिचारी! सिनेमा याच माणसावर आणि त्याच्या लेखकावर होता, पन्नास वर्षांपूर्वी दोघांनी मिळून केलेल्या विनोदी संगीतिकेवर. लेखक जाऊन वीस वर्षं झाली होती. खरं-खोटं सांगायला उरले होते ते हे एकटे संगीतकार, मास्तर. घरी त्यांना चहा घेतलात का, एवढंही विचारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे सेटवर ते रोज सगळ्यांच्या आधी हजर.

पुढचा प्रसंग सुरू झाला. पियानोजवळ दोन खुर्च्या मांडल्या होत्या. लेखक झालेल्या नटाने गाण्याची ओळ वाचली, दुसऱ्याने ती वाजवली आणि दोघं पोट धरधरून हसले. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसले.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. साफ खोटं होतं हे. आधीच्या संगीतिकेतलं एक गाणं कापण्यावरून दोघांचं वाजलं होतं, शब्दाने शब्द वाढला होता, आणि मग ही अख्खी संगीतिका त्यांनी अबोल्यात केली. कामासाठी भाड्याने घेतलेल्या घरात लेखक वरच्या मजल्यावर बसे, मास्तर खाली. लिहिलेले कागद तो जिन्याच्या पायरीवर ठेवून जाई. हे चाल वाजवत. आवडली तर वरून दोनदा पाय आपटल्याचा आवाज येई, बस्स. सगळं शहर ज्यावर खदाखदा हसलं, ते रचताना घरात कुणी हूं का चूं केलं नव्हतं. मध्ये जिना होता फक्त अकरा पायऱ्यांचा. रोज वाटायचं, आज जावं वर. मेला ताठा आडवा यायचा.

त्यांनी काठी उचलली. तेवढ्यात शेजारी बसलेली लेखकाची मुलगी वाकून हळूच म्हणाली,

“काका, एक विचारू? बाबा घरी हसलेले मला आठवतच नाहीत. यायचे, जेवायचे, झोपायचे. आईला वाटायचं, आमचंच काहीतरी चुकतंय.” तिने नटांकडे पाहिलं. “तुमच्याबरोबर तरी हसायचे ना हो?”

मास्तरांची काठी तशीच अधांतरी राहिली. पन्नाशीच्या त्या बाईचं तोंड अगदी लहान मुलीसारखं झालं होतं.

“हसायचा की,” ते म्हणाले. “फार हसायचा.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली आणि तिने पदराने नाक पुसलं.

दिग्दर्शिकेने लांबूनच विचारलं, “सर, यात काही चुकतंय का? आत्ताच सांगून टाका बघू.”

“चुकतंय.”

कॅमेऱ्यामागे कुणीतरी “झालं!” म्हणून उसासा टाकला.

“खुर्च्या एवढ्या लांब नव्हत्या आमच्या,” मास्तर म्हणाले. “जरा जवळ घ्या.”