पुसलेली बाजू

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, नाशिकमधल्या एका कपाटात पडलेला. मित्रांनो, म्हातारपणाची मला लाज नाही. पण माझ्याकडून घडलेल्या एका कामाची अजून शिसारी येते. तेच सांगतो.

१९९४ साली प्रतिभाताईंनी मला घेतले. त्या कॉलेजात शिकवत आणि सुट्टीत मला पिशवीत घालून सुरगाण्याच्या जीपमध्ये बसत. नागलीच्या आवणीची, म्हणजे रोपलावणीची गाणी, जात्याची घरघर, झऱ्यावरची भांडणे, सगळे मी पोटात घेतले.

एका पाड्यावर लहानूबाबा होते. थाळीच्या मध्यभागी मेणाने काडी उभी करून ते तिच्यावरून बोटे ओढत. थाळी गुणगुणू लागे आणि बाबा मेलेल्याला वाट दाखवणारे गाणे गात. त्याशिवाय जीव घर सोडत नाही, असे पाड्यावर मानत.

एकदा मी भरून घेत असताना गाता गाता बाबा खोकले. त्यांची बायको कुसाबाई म्हणाली, "आधी पाणी पी, मग वाट दाव."

"गप. यंत्रात जाशील."

"जाऊ दे. तू कुठं नेलं नाय, यंत्र तरी नेईल."

सगळे हसले. ताई म्हणाल्या, यातले काहीच काढायचे नाही.

२००३ साली ताईंचा भाऊ राज याने कॅसेटचा धंदा काढला. ताई परगावी असताना त्याने मला आणि बाबांच्या त्या कॅसेटला उचलून नेले. त्याचे गुटख्याने लाल, ओले बोट माझ्या बटणांना चिकटायचे. थाळी ऐकून तो म्हणाला, "आवाज भारी आहे. पण हा खोकला, ही म्हातारी, नुसता कचरा."

त्याने बाबांच्या दोन ओळी दुसऱ्या यंत्रावर घेतल्या, त्यांना ढोलकी आणि कीबोर्ड जोडला आणि हळदीत नाचायचे गाणे केले. नवी कॅसेट कशाला फोडायची म्हणून ते त्याच कॅसेटवर भरले. टेप पुसणारे डोके, म्हणजे हेड, माझेच होते. बाबांचा श्वास माझ्याखालून जाऊन नाहीसा होत होता आणि मी मुकाट फिरत होतो. ताई परतायच्या आत राजने आम्हा दोघांना जागेवर ठेवून दिले.

पुढच्या वर्षी बाबा वारले. थाळी वाजवणारे दुसरे कुणी नव्हते. कुसाबाई ताईंच्या दारात आली. "परवा त्याचं कार्य हाय. त्याची वाट त्यालाच गाऊ दे."

ताईंनी कॅसेट लावली. ढोलकी धडधडली, मध्येच बाबांची ओळ, तिच्यावर कुणाची शिट्टी. 

कुसाबाईने शेवटपर्यंत ऐकले. "यात तो खोकत नाय."

"पुसलं गेलं, मावशी."

"मग ह्यो तो नाय."

राज तिथेच उभा होता. "मावशी, वणीत लय चालतंय हे गाणं."

"मग तुझ्या कार्याला तेच लाव, बाबा," ती म्हणाली आणि जीपकडे चालू लागली.

कार्याच्या दिवशी ताई मला घेऊन पाड्यावर गेल्या. कुसाबाईने थाळी मांडीवर घेतली होती. ताईंनी मला पुढे ठेवताच ती हळूच म्हणाली, "हे बाहेर ने." ताईंनी मला जीपमध्ये ठेवले आणि दार लावले.

मित्रांनो, कुणाचा आवाज मागाल तर अख्खा सांभाळा. जमणार नसेल तर मागू नका. कुसाबाई त्या दिवशी कशी गायली, हे मला ठाऊक नाही.